तेरावा फर्मा

प्रश्नोत्तरं संपत आली होती. ग्रंथपालांनी घड्याळाकडे बघून मला खूण केली होती, मीही पाण्याचा शेवटचा घोट घेऊन खुर्ची मागे सरकवली होती, तेवढ्यात तिसऱ्या रांगेतल्या एक बाई उभ्या राहिल्या. निळा स्वेटर, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, हातात पाठीला चिकटपट्ट्या लावून जगवलेलं एक जुनं पुस्तक. लांबूनही मी ते ओळखलं. मास्तरांनी लिहिलेलं, गुप्तहेर घाऱ्याचं एकोणिसावं. ‘तुमचं एकेचाळिसावं आवडलं मला,’ त्या म्हणाल्या, ‘पण एक विचारू का? राग मानू नका.’ राग मानू नका म्हणणारी माणसं राग येईल असंच बोलतात, हे गेल्या चार महिन्यांत मला पाठ झालं आहे. ‘तुम्ही धाकटीला परत आणलीत. घाऱ्याच्या बहिणीला. ती दार ढकलते आणि म्हणते, दादा, आले मी. पण ती तर मेली ना? यात मेली. दोनशे तीन पानावर.’ सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. माझ्या कानशिलांना एकदम ऊब आली. आणि मी हसलो. हसलो म्हणजे दात दाखवले. ‘मेली असं मास्तरांनी तुम्हाला वाटू दिलं,’ मी म्हणालो. मागून दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी वाजवल्या नाहीत. त्या सरळ पुढे चालत आल्या, पुस्तक उघडलं, आणि ते पान माझ्या नाकासमोर धरलं. ‘घारा तिचा चेहरा झाकतो हो. स्वतःच्या हातानं. यात वाटू देण्यासारखं काय आहे?’ मी पानाकडे बघितलं नाही. त्यांच्या स्वेटरच्या तिसऱ्या बटणाकडे बघत राहिलो, आणि म्हणालो, ‘मला पाठ आहे ते.’

धडधडीत खोटं. ती शेवटची सोळा पानं मी आयुष्यात वाचलेली नाहीत.

बाहेर दुपारचं ऊन होतं आणि रस्त्यावरची सगळी माणसं मला घाऱ्याचे वाचक वाटत होती. फळवाला, बँकेच्या पायऱ्यांवर बसून फोनवर बोलणारी मुलगी, पट्टा ओढणाऱ्या कुत्र्यामागून फरपटणारे गृहस्थ, सगळ्यांना माहीत होतं की धाकटी मेली आहे, आणि मला एकट्यालाच माहीत नव्हतं. मला, ज्याला तिचा मालक म्हणून नेमलं आहे. मालक कसला, भाडेकरू. मास्तर गेले, चाळीस पुस्तकं मागे ठेवून गेले, आणि वर्षभरानं प्रकाशकांच्या धाकट्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं की घारा थांबता कामा नये. माझ्या स्वतःच्या तीन कादंबऱ्या त्यांच्याच गोदामात पडून होत्या, त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मुखपृष्ठावर मास्तरांचं नाव हाताच्या पंजाएवढं आहे. माझं खाली कोपऱ्यात आहे, जिथं पूर्वी छापखान्याचा पत्ता असायचा. मी सही केली. राग आला होता तरी केली, कारण हा घारा मला सोडवत नव्हता. तो करड्या डोळ्यांचा, कमी बोलणारा, कुणाचंही उष्टं दुःख न चघळणारा माणूस मी आठ वर्षांचा असल्यापासून माझ्या घरात राहत होता. आणि लोक मला पत्रं लिहितात की तुमचा घारा पायऱ्या मोजत नाही, तुमचा घारा जास्त बोलतो, तुम्ही मास्तरांच्या पायाजवळ बसायच्या लायकीचे नाही. मास्तरांच्या पायाजवळ मी बसलो नाही हे खरं आहे. मी बाबांच्या पायाजवळ बसलो. त्याला कुणी विचारत नाही.

बाबा बायंडर होते. घाऱ्याची पुस्तकं ज्या छापखान्यात व्हायची, तिथंच मागच्या लांब खोलीत बाबांचं टेबल होतं. खळीचा वास, दोऱ्याची रिळं, घडी दाबायची हाडाची पट्टी, आणि कोपऱ्यात ते कटिंग मशीन, ज्यानं त्यांच्या डाव्या तर्जनीचं टोक नेलं. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा होतो, त्याला फर्मा म्हणतात. घाऱ्याचं पुस्तक कायम तेरा फर्म्यांचं, दोनशे आठ पानं. मास्तर तेवढंच लिहीत, ना एक पान कमी, ना जास्त. ज्या प्रतीत कुठं शाई फिसकटली असेल, कागद दुमडला असेल, ती रद्दीत जायची, आणि बाबा मुकादमाला सांगून त्यातली एक घरी आणत. शिवलेली नसायची. सुटे फर्मे, दोऱ्यानं बांधलेले. आणि नेहमी बाराच असायचे. तेरावा बाबांच्या सदऱ्याच्या खिशात. खून कुणी केला ते मी सांगायचं, का केला तेही सांगायचं, आणि बरोबर असेल तरच तेरावा फर्मा मिळायचा. ताईला या खेळात रस नव्हता, आईला नुसतं हसू यायचं. मी मात्र शाळेतून येऊन दप्तर फेकून त्या एकशे ब्याण्णव पानांवर पालथा पडायचो. चार-चारदा वाचायचो. मग बाबांसमोर जाऊन उभा राहायचो. ते मान वर न करता ऐकायचे. अंगठा जिभेला लावून हातातल्या कागदाची कड उलगडायचे, आणि एकच शब्द बोलायचे. बरोबर, किंवा चूक. शाबासकी नाही, पाठीवर हात नाही. पण तो ‘बरोबर’ ऐकला की मी दिवसभर जमिनीवर नसायचो. चूक म्हणाले तर पुन्हा वाचून ये. चार दिवसांनी, आठ दिवसांनी, कधीतरी मिळायचाच. एकोणिसावं सोडून.

एकोणिसावं आलं तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि आई दवाखान्यात होती. पोटाचं काहीतरी होतं, आम्हा मुलांना एवढंच सांगितलेलं. ताई सकाळी डबा न्यायची, मी संध्याकाळी. आईच्या खाटेखाली तिच्या चपला असायच्या, भिंतीकडे टाचा करून, पाय खाली टाकला की सरळ आत जावा अशा ठेवलेल्या. घरी जायचं म्हणून तीच त्या तशा लावून घ्यायची. आणि एकोणिसावंही दवाखान्यातलंच होतं. धाकटी तिथं नर्स, रुग्ण एकामागून एक दगावताहेत, औषधात कुणीतरी काहीतरी मिसळतं आहे, आणि बाराव्या फर्म्याच्या शेवटी धाकटी स्वतः खाटेवर. मला पहिल्या वाचनातच कळलं. कंपाउंडर. बाटल्यांवर चिठ्ठ्या तो डाव्या हातानं चिकटवतो, आणि विषारी बाटलीवरची चिठ्ठी उजवीकडे कललेली. इतकं स्वच्छ मला कधीच दिसलं नव्हतं. मी बाबांना सांगितलं. त्यांनी अंगठा ओला केला. ‘चूक.’ मी पुन्हा वाचलं. कंपाउंडरच. पुन्हा गेलो, चिठ्ठीचं सांगितलं, पान काढून दाखवलं. ‘चूक.’ तिसऱ्यांदा मी ओरडलो. ते उठून बाहेर निघून गेले. पुस्तक घरी आल्यापासून अकराव्या दिवशी आई गेली. चपला मी घरी आणल्या, पिशवीत घालून. त्यानंतर बाबांनी एकही फर्मा घरी आणला नाही, मी एकही मागितला नाही, आणि आमच्यात बोलण्यासारखं जे काय थोडंफार होतं तेही आईबरोबर आणि त्या फर्म्यांबरोबर गेलं.

आईचं जाणं मी कुणाच्या माथी मारू? ते कुणाच्याच हातात नव्हतं. पण तो शब्द बाबांच्या हातात होता. मी बरोबर होतो हे मला आतून माहीत होतं, आणि त्यांनी ते मला दिलं नाही. छत्तीस वर्षं झाली. माझं लग्न झालं, तीन पुस्तकं आली, केस गेले, आणि अजून मला एखाद्या सभेत कुणी ‘तुमचं चुकतंय’ म्हटलं की माझ्या नाकात खळीचा वास येतो. लोकांना हे सांगितलं तर हसतील. बायको हसलीच होती. ‘अरे, पुस्तकं विकत मिळतात की,’ ती म्हणाली. मिळतात. माझ्या कपाटात एकोणिसाव्याच्या दोन प्रती आहेत. करार झाला तेव्हा मी चाळीसच्या चाळीस पुन्हा वाचायला घेतली, एकोणिसाव्याच्या एकशे ब्याण्णव पानावर आलो, आणि मिटलं. ते मला बाबांच्या खिशातून हवं होतं. दुकानातून नको होतं. मूर्खपणा आहे, कबूल. शिवाय मला शेवट ठाऊक होता असं मला वाटायचं. तेराव्या वर्षी मी तो वहीत स्वतःच लिहिला होता, सोळा पानं मोजून. त्यात कंपाउंडर सापडतो, धाकटी बरी होते, आणि भावाशी भांडून दूरच्या गावी बदली घेऊन निघून जाते. पुढच्या एकवीस पुस्तकांत घारा तिचं नावसुद्धा काढत नाही. मला वाटायचं, बरोबरच आहे, भांडले आहेत ना. इतक्या वर्षांत माझा शेवट कुठला आणि मास्तरांचा कुठला, ही फट बुजून गेली. म्हणून मी एकेचाळिसाव्यात तिला हौसेनं परत आणलं. दादा, आले मी. ते वाक्य लिहिताना मी रडलो होतो, गाढवासारखा.

चौकात पोहोचेपर्यंत साहेबांचा फोन आला. कुणीतरी ते बोलणं टिपून सगळीकडे पाठवलं होतं. ‘ती जिवंत कशी, ते आठ दिवसांत लिहून द्या,’ ते म्हणाले. ‘पुढच्या पुस्तकात उलगडा होईल म्हणून वाचक थांबले होते, आता पेटलेत. नाहीतर बेचाळिसावं दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल. तुम्ही सगळी वाचलीत असं म्हणाला होतात.’ ‘हो,’ मी म्हणालो. ‘मग?’ मी फोन बंद केला. बेचाळिसावं गेलं तर जाऊ दे, असं मोठ्यानं म्हणालो, आणि माझा मलाच राग आला, कारण जाऊ दे असं मला मुळीच वाटत नव्हतं. घराकडे वळायचं ते मी ताईच्या घराकडे वळलो. बाबा तिच्याकडे असतात. चार महिन्यांपूर्वी मी त्यांना एकेचाळिसावं टपालानं पाठवलं होतं. स्वतः घेऊन गेलो नव्हतो, आणि त्यानंतर फिरकलोही नव्हतो. त्याला कारण होतं. त्या पुस्तकात मी बाबांना ठेवलं होतं.

नाव नाही, धंदाही बदलला. घड्याळजी केला. पण दुसरं काही बदललं नाही. अंगठा ओला करणं, तुटक्या तर्जनीनं टेबलावर टकटक करणं, मान वर न करता माणसाला एका शब्दात उडवून लावणं. तो खुनी निघतो. का, तर एक कागद त्यानं वर्षानुवर्षं दडवून ठेवलेला असतो आणि तो कुणाला मिळू नये म्हणून तो मारत सुटतो. घारा त्याला विचारतो, मुलानं तुमच्याकडे मागितलं होतं तरी काय? एक शब्द. तो कोठडीत मरतो, भिंतीकडे तोंड करून, पाणी मागत. शेवटची ओळ, ‘त्याचा मुलगा त्याच शहरात होता. तो आला नाही.’ ही शेवटची सोळा पानं मी एका बैठकीत लिहिली. हात दुखत होता आणि मजा येत होती. खोटं कशाला बोलू, सूड घेताना येते तशी मजा. ज्यांनी बाकी पुस्तकाला नावं ठेवली त्यांनीही लिहिलं की शेवट मात्र मास्तरांच्या तोडीचा. मी रोज वाट बघितली की ताईचा फोन येईल, बाबांनी वाचलं, बाबा गप्प आहेत, बाबा जेवले नाहीत. फोन आला नाही. त्याचाही मला राग होता.

ताईनं दार उघडलं. ‘आज सूर्य कुठून उगवला?’ मग माझं तोंड बघून बाजूला झाली. ‘जागे आहेत. भांडू नकोस रे. एक्याऐंशी पूर्ण झालीत त्यांना.’ बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते, मांडीवर उशी, उशीवर माझं पुस्तक, हातात भिंग. किती लहान झाले होते. मला त्याचाही राग आला. इतक्या वर्षांचं भांडण घेऊन यावं आणि समोर एवढासा माणूस असावा. मी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. ‘एकोणिसाव्याचा तेरावा फर्मा,’ मी म्हणालो. ‘मला पाहिजे. आत्ता.’

त्यांनी कोणता, कशाला, काही विचारलं नाही. ‘ताई,’ ते म्हणाले, ‘माझा डबा दे गं.’ पत्र्याचा जुना डबा होता, ज्यात त्यांच्या सुया असत. सुयांच्या खाली, पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये, दोऱ्यानं बांधलेला. कडा पिवळ्या झालेल्या. त्यांनी गाठ सोडायला घेतली, बोटं ऐकेनात, तरी मी हात पुढे केला नाही. सुटल्यावर त्यांनी तो मला दिला. मी उभ्या उभ्या वाचला. कंपाउंडर सापडतो एकशे सत्त्याण्णव पानावर. चिठ्ठीवरूनच. त्यानंतर पाच पानं नुसती धाकटी. डॉक्टर म्हणतात, उद्या घरी. ती भावाला सांगते, माझ्या चपला खाटेखाली नीट लावून ठेव, सकाळी मला शोधत बसायला नको. घारा वाकून त्या लावतो. आणि पुढचं पान दोनशे तीन.

खोलीत पंखा फिरत होता. ‘तुझी आई तिथं होती तेव्हा,’ बाबा म्हणाले. ‘मी टेबलावर घडी घालताना वाचलं ते. चपलांचं. कसं देणार तुला? डॉक्टरांनी मला आधीच सांगून टाकलं होतं.’ त्यांनी सुटलेला दोरा बोटाला गुंडाळला. ‘तुझं बरोबर होतं. कंपाउंडरच.’

मिळाला. छत्तीस वर्षांनी, शेजारच्या घरातून कुणीतरी भांडी घासल्याचा आवाज येत असताना, मिळाला. आणि मी पेटलो. ‘मग सांगायचं नाही? आई गेल्यानंतर सांगायचं नाही? मी पंधरा वर्षांचा झालो, वीस झालो, तोंडात मारल्यासारखा फिरत होतो मी! तुम्ही कोण ठरवणार मी काय वाचायचं? आईचं पण माहीत होतं तुम्हाला, ते पण दडवलंत! मी तिथं रोज जाऊन तिला शाळेतल्या फालतू गोष्टी सांगत बसलो, मला माहीत असतं तर...’ पुढे काय केलं असतं ते मला सुचेना. ताई दारात येऊन उभी राहिली होती, पदर तोंडाशी. ‘त्या फालतू गोष्टींचीच ती वाट बघायची,’ बाबा म्हणाले. ‘आणि नंतर तू विचारलंच नाहीस. मग राहूनच गेलं.’ राहून गेलं! घराचा नळ दुरुस्त करायचा राहून जातो तसं म्हणाले. मला तो डबा उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटला. मी खाटेवर बसलो.

मग बाबांनी मांडीवरचं पुस्तक उचललं, आणि तेव्हा मला दिसलं की ते जाडीला कमी आहे. मागचं आवरण आत झुकलं होतं. ‘चार महिने लागले,’ ते म्हणाले, ‘भिंगातून दिवसाला दोन पानं होतात. तेरावा मी पुस्तक आल्याबरोबर कापून ताईकडे दिला. तिच्या कपाटात आहे. हात अजून सरळ चालतो, बघ.’ त्यांनी पाठीची कड माझ्यापुढे धरली. काप खरंच सरळ होता. ‘तू येशील म्हणून थांबलो होतो. आता मी सांगायचं आणि तू बरोबर-चूक करायचं.’

ताई आतून ती सोळा पानं घेऊन आली आणि माझ्या हातात ठेवून गेली. कपाटातल्या कपड्यांचा वास होता त्यांना. सगळ्यात वरच्या पानावर घारा घड्याळजीच्या दुकानाची पायरी चढत होता. मी ती उलटी करून मांडीवर धरली.

‘घड्याळजी,’ बाबा म्हणाले.

त्यांनी खूण घातलेलं पान शोधलं, अंगठा जिभेला लावला, आणि लावता लावता थबकून त्या अंगठ्याकडे क्षणभर बघितलं. ‘पाचव्या प्रकरणात तो पहिल्यांदा येतो. नुसता घड्याळ दुरुस्त करतो, दुसरं काही नाही. पण तू त्याचं बोट न् बोट लिहिलं आहेस. दुसऱ्या कुणाचं इतकं बारीक नाही लिहिलेलं. एवढं बघून बघून माणूस लिहितो तो कुणावर तरी राग धरूनच. म्हणून तो.’ त्यांनी पुस्तक मिटलं. तुटक्या तर्जनीनं उशीवर एकदा टकटक केली. ‘बरोबर का?’

इतकं बरोबर माझ्या पुस्तकाबद्दल अजून कुणी बोललं नव्हतं. एकही वाचक नाही, एकही टीकाकार नाही. मांडीवरची पानं मला जड वाटायला लागली. त्यातली एक एक ओळ मला पाठ होती, भिंतीकडे तोंड, पाणी, तो आला नाही, आणि समोर हे भिंग घेऊन बसलेले, दिवसाला दोन पानं. आठ दिवस लागले असते त्यांना, स्वतःला मरताना वाचायला. माझा राग तिथंच होता, जराही कमी झाला नव्हता. फक्त आता त्याचं तोंड माझ्याकडे वळलं होतं. मी मान खाली घातली, फर्म्याची कड अंगठ्यानं उलगडत राहिलो, आणि म्हणालो, ‘चूक.’

बाबा ‘पुन्हा वाचतो’ म्हणाले नाहीत. भिंग डब्यात ठेवलं, सुयांवर, झाकण लावलं. मी दोन्ही फर्मे, मास्तरांचा आणि माझा, पिशवीत घातले आणि उठलो. दारापर्यंत गेलो असेन.

‘फार वाईट मेला का रे?’ बाबांनी विचारलं.

मी वळलो नाही. वळलो असतो तर त्यांना कळलं असतं, आणि कळायचं काही उरलं होतं असंही नाही.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘मुलगा होता जवळ.’